चूक की मुद्दाम?

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये गोधडीच्या स्टॉलवर येणाऱ्या बायका दोन प्रकारच्या. एक रंग बघून थांबणाऱ्या, आणि दुसऱ्या हातात घेतल्या घेतल्या गोधडी उलटी करून बघणाऱ्या. दुसरी आली की मी खुर्चीतून उठून उभा राहतो. हिच्या घरात कुणीतरी गोधड्या शिवत होतं, हे समजून घ्यायचं. मागचा टाका पुढच्याइतकाच आहे का, गाठी कुठे दडवल्यात, अस्तराला झोळ पडलाय का, हे सगळं त्या भाव विचारता विचारता तपासून मोकळ्या होतात.

परवाच्या बाईंनी तसंच केलं. मागची बाजू पसंत पडली असावी, कारण मान हलली. मग गोधडी सरळ केली, हातभर लांब धरली, जरा तिरकी केली आणि मला विचारलं, "काका, हा रंग असा मध्येच गडद, मध्येच फिका का दिसतो? चूक आहे की मुद्दाम केलंय?"

मी म्हटलं, "आधी चूक होती. मग मुद्दाम केली."

त्या हसल्या. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं. रविवार होता, स्टॉलवर गर्दी होती, म्हणून पुढचं सांगायचं राहिलं. ते इथे लिहितो.

मी एकतीस वर्षं कटिंग मास्तर होतो. वागळे इस्टेटमध्ये, शर्टांच्या एका युनिटमध्ये. कटिंग मास्तर आणि शिंपी यांत लोक नेहमी गल्लत करतात. शिंप्याच्या हातून बाही बिघडली तर एक बाही बिघडते. आमच्याकडे लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरलेले, सगळ्यांत वर कागदाचा मार्कर, म्हणजे शर्टाच्या भागांचा आराखडा, उजव्या हातात उभ्या पात्याचं मशीन आणि डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. पातं रेघेवरून सूतभर सरकलं की साठ शर्टांचे गळे सूतभर सरकले. त्यामुळे 'रिस्क' हा शब्द आमच्याकडे कौतुकाने कुणी उच्चारत नसे. हल्ली जो उठतो तो रिस्क घ्या म्हणतो. त्यांच्यापैकी कुणी साठ थर एकदम कापले नसावेत.

मार्कर काढणं हे माझं खास काम. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, कफ, खांद्याची पट्टी, हे सगळं कागदावर असं बसवायचं की मध्ये कापड वाया जाऊ नये. एका शर्टामागे दोन इंच वाचले तरी शेठ चहा मागवायचे. मला त्याची नशाच होती म्हणा ना. जेवताना ताटातले पापडाचे तुकडेसुद्धा मी एकमेकांत बसवून बघायचो. ही म्हणायची, "अहो, जेवा आता."

१९९६ साली कॉर्डरॉयची ऑर्डर आली. बारीक रेघांचं, शर्टाच्या वजनाचं कापड, रंग चिंचेच्या कोळासारखा. मी मार्करवर भाग उलटसुलट बसवले. डावा पुढचा भाग डोकं वर, उजवा डोकं खाली. मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, खळगी एकमेकांसमोर आली की मध्ये कफ छान बसतो. एका शर्टामागे चार इंच वाचले. पॉपलिनवर हे केलं असतं तर चहाबरोबर वडापावही आला असता.

पण कॉर्डरॉयला लव असते, मखमलीसारखी, आणि ती एका दिशेला निजलेली असते. तिच्या दिशेने बघितलं तर कापड फिकं आणि चमकतं, उलट बाजूने बघितलं तर गडद, पाऊस पडून गेलेल्या मातीसारखं. त्यामुळे शर्टाचे सगळे भाग एकाच दिशेने कापायचे असतात, कापड कितीही वाया जावो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण रेघा इतक्या बारीक होत्या की इथे लवेचा हिशोब धरायला हवा हे डोक्यातच आलं नाही. कापड आडवं, उजेड वरून ट्यूबलाइटचा, अशा वेळी फरक दिसतही नाही.

तो दिसला शर्ट शिवून हँगरला लागल्यावर. एकशे वीस शर्ट रांगेत, प्रत्येकाची डावी छाती फिकी, उजवी गडद. प्रत्येक शर्टाच्या अर्ध्या अंगावर कुणाची तरी सावली पडल्यासारखी. हेल्पर पोरगा कौतुकाने म्हणाला, "मास्तर, डिझाइन आहे का?" त्या पोराला मी तेव्हा काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढचे आठ महिने पगारातून महिन्याला दोनशे कापले गेले. शिवलेले शर्ट पडेल भावाने गेले, न शिवलेले तुकडे चिंधीवाल्याने किलोवर नेले. फक्त पुढच्या भागांचा एक गठ्ठा, पंधरा डावे, पंधरा उजवे, शेठनी माझ्या टेबलावर ठेवला. "मास्तर, तुमची चूक तुम्ही घरी न्या." मी खरंच नेली. खोपटच्या चाळीतून कळव्याला मनीषानगरात राहायला आलो तेव्हा तो गठ्ठाही आला आणि डांबराच्या गोळ्यांसकट माळ्यावर गेला. टाकून का दिला नाही, ते सांगता येणार नाही. कापड चांगलं होतं, एवढंच.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आयुष्यातली माझी सगळ्यांत मोठी चूक धाडसाची नव्हती, काटकसरीची होती. मी काही वेगळं करायला गेलोच नव्हतो. नेहमी करायचो तेच, जरा जास्त नीट करायला गेलो होतो.

गोधडीकडे मी वळलो २०२० मध्ये. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, सगळे घरात अडकलेले, आणि सासूबाईंची वाकळ फाटली. (कऱ्हाडकडे गोधडीला वाकळ म्हणतात. ही अजून गोधडी म्हणत नाही.) उसवायला घेतली तर आत थरावर थर. लुगडी, धोतराचे तुकडे, आणि मधोमध एक अख्खा पायजमा, नाडीसकट. कुणाचा, यावर हिच्यात आणि तिच्या बहिणीत फोनवर तासभर चर्चा झाली. मी तोपर्यंत टाके बघत होतो. सासूबाईंनी पट्टी हातात न घेता एका इंचात सात टाके घातले होते, अंथरुणभर, एका मापाचे. साठ थर मशीनने कापणाऱ्या माणसाला ते बघून घाम फुटला.

ती वाकळ दुरुस्त केली आणि मग थांबलोच नाही. पण मी केलं काय? तर सहा इंची चौकोन, शिवणीत दडणारा पाव इंच दाब, कोपऱ्याला कोपरा मिळालाच पाहिजे. पुठ्ठ्याचा साचा, खडूची रेघ, सगळं युनिटसारखं. हिच्या बचत गटाच्या स्टॉलवर त्या जायला लागल्या. गट महिलांचा असल्यामुळे कागदोपत्री गोधड्या हिच्या नावावर आहेत, मी तिचा हेल्पर. सत्तावीस गोधड्या शिवल्या. एक दाखवली की सत्तावीसही बघितल्यासारख्या. खपत होत्या, तक्रार कुणाचीच नव्हती. घणसोलीहून मुलगी आली की तेवढी म्हणायची, "बाबा, तू गोधड्या शिवतोस की टाइल्स बसवतोस?"

तिनेच एकदा मोबाइलवर काही फोटो दाखवले. अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे, तिथे नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव. शेतावर गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तिथे राहतात, आणि तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. पट्ट्या वाकड्या, चौकोन एका बाजूला कललेले, गुडघ्याला विटलेल्या पँटी तशाच्या तशा जोडलेल्या. या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतींवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. ठरलेला नमुना न पाळता शिवलेल्या गोधडीला त्या बायका 'माय वे' म्हणतात. माझ्या पद्धतीची.

खरं सांगायचं तर माझं पहिलं मत होतं, "कापणी नीट नाही." मुलीने कपाळावर हात मारला.

पण तिने पुढे वाचून दाखवलं ते ऐकून मी मोबाइल हातात घेतला. त्याच भागातल्या बायकांनी १९६६ मध्ये एक सहकारी मंडळ काढलं होतं, फ्रीडम क्विल्टिंग बी. १९७२ मध्ये त्यांना सीअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचं काम मिळालं, उशांचे अभ्रे शिवायचं. कापड कॉर्डरॉय. अभ्रे अर्थातच एकासारखा एक हवेत, तिथे माय वे चालणार नाही. दिवसभर त्या मापाने शिवायच्या. कॉर्डरॉयची उरलेली कतरन मात्र गावातल्या घरोघरी गेली, आणि तिच्यातून ज्या गोधड्या निघाल्या त्यांतल्या काही त्या म्युझियमच्या भिंतीवर लागल्या.

हे मला बरोबर समजलं. पोटाचा धंदा मापाचा. कतरनीला माप नाही, तिच्यावर शेठचा डोळा नाही. मी एकतीस वर्षं ती कतरन चिंधीवाल्याला किलोवर दिली. आणि माळ्यावर माझा स्वतःचा गठ्ठा पडलेला होता.

लगेच गठ्ठा काढला असं मात्र झालं नाही. आधी मी दुसऱ्याच कापडावर हिंमत करून बघितली. उत्तर कन्नडमधले सिद्दी लोक कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कवंदीला ना कागद ना खडू. एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे जोडत, धावदोरा घालत, गोल गोल फिरत मध्यापर्यंत यायचं, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी फुलं लावायची. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणतात. म्हटलं, मार्करशिवाय काम करायला शिकायचं तर हीच शाळा. हिच्या दोन जुन्या कॉटन साड्या घेतल्या आणि बसलो.

कडेकडेने येताना प्रत्येक फेरीत थोडं थोडं कापड आत ढकललं जातं. सिद्दी बायकांच्या हाताला ते कळतं, त्या वाटेतच जिरवून टाकतात. माझ्या हाताला कळलं नाही. शेवटी मध्यभागी भाकरीएवढा फुगा आला. दाबला की बाजूला सरकायचा, जायचा नाही. ती कवंदी सध्या वॉशिंग मशीनखाली आहे. फुलं मात्र छान जमली होती, तीही मशीनखाली आहेत.

तरी त्या फजितीची मला भीती वाटली नव्हती. का, ते नंतर कळलं. साड्या आणखी होत्या. आमच्या धंद्यातलाच हिशोब: मागे दुसरा तागा आहे ना, मग कापा. कॉर्डरॉयचा दुसरा तागा नव्हता. तो रंग, ती रेघ, तीस तुकडे, संपलं.

गठ्ठा खाली काढला तो एका जानेवारीत. हॉल दहा बाय बारा, सोफा उभा करून ठेवला, तुकडे फरशीवर अंथरले आणि स्टुलावर चढून बघायला लागलो. सकाळी काहीच दिसेना, सगळं एकरंगी तपकिरी. दुपारीही तसंच. मी तुकडे उचलणारच होतो. पाचच्या सुमाराला आमच्या खिडकीतून पश्चिमेचं ऊन आडवं आत येतं, ते फरशीवर पसरलं आणि पंधरा तुकडे पेटले, पंधरा विझले. तेच ते शर्ट. डावी छाती, उजवी छाती. ही स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली ती दारातच थांबली. म्हणाली, "आता हलवू नका."

म्हणजे गोधडीचा रंग एकच, नमुना फक्त लवेच्या दिशेचा. दिवसा दिसणार नाही, बल्बखाली अर्धवट दिसेल, आडव्या उजेडात दिसेल. गिऱ्हाइकाला हे कसं विकणार, हा विचार लगेच मनात आला. पण पुढचे पाच दिवस संध्याकाळी पाच ते सव्वासहा मी फक्त तुकडे फिरवत होतो. त्या वेळात सोसायटीतला कुणी आला तर ही त्याला दाराबाहेरच उभा करायची.

मग कापणी. तुकडे शर्टाचे, त्यामुळे एका बाजूला मुंढ्याची खोलगट कमान, वर गळ्याचा बाक. जुना मास्तर म्हणाला, सरळ चौकोन काढ, कमानी उडवून टाक. पण उडवल्या असत्या तर ते साधं कापड झालं असतं, शर्ट उरला नसता. ठरवलं की बाक ठेवायचे. मग खोलगट कमानीसमोर तितकीच फुगीर कड हवी, आणि ती शेजारच्या तुकड्यातून डोळ्याने कापायची, साच्याशिवाय. कात्री हातात घेतली आणि मला स्वतःचंच हसू आलं. हात थरथरत होता. साठ थरांवर कधी थरथरला नव्हता.

पहिला तुकडा चुकला. फुगीर कड जास्त फुगीर कापली गेली आणि एक गडद तुकडा वाया. एकोणतीस उरले. दुसरा जमला. फुगीर कड खोलगटात शिवताना बाही बसवतात तसं करायचं: खोलगट बाजूला दाबात बारीक खाचा मारायच्या, मध्यावर टाचणी, दोन टोकांना टाचण्या, आणि फुगीर बाजू बोटाने थोडी थोडी आत सरकवत न्यायची, चुणी पडू न देता. आमच्या युनिटमधल्या बाही बसवणाऱ्या बाई हे गप्पा मारत मारत करायच्या. मी त्यांना कधी नीट बघितलंच नव्हतं, माझं काम टेबलाच्या अलीकडे संपत होतं.

कॉर्डरॉयची आणखी एक खोड म्हणजे लवेवर लव ठेवली की कापड चालतं. मशीनवर वरचा तुकडा पुढे, खालचा मागे. प्रत्येक जोडाला आधी हाताने कच्चा दोरा घालावा लागला. वरून इस्त्री फिरवायची सोय नाही, लव मेली की मेली, म्हणून टॉवेलवर पालथं घालून वाफेने दाब उघडायचे. आत हिची एक सुती साडी आणि एक जुनी चादर, मागे पांढरं मांजरपाट. धावदोऱ्याला चार सुया मोडल्या. इंचाला सात सोडाच, पाच टाके पडले तरी मी खूश. पूर्ण झाली तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि ठाण्याच्या त्या उकाड्यात तीन किलोची गोधडी मांडीवर घेऊन मी पंख्याखाली बसलो होतो.

शेवटी एक चूक केलीच. संध्याकाळ सोडून ही गोधडी कुणाला दिसणारच नाही, या भीतीने खालच्या कोपऱ्यात लाल खणाची एक पट्टी घातली. लोकांची नजर जावी म्हणून. ही बघून एवढंच म्हणाली, "हे लाल कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उसवायला गेलो तर खाली कॉर्डरॉयवर सुईची भोकं राहणार होती. लव गेली की परत येत नाही. पट्टी आहे तशी आहे.

तर परवाच्या बाई. मी त्यांना गोधडी जरा बाहेर, उन्हात धरून दाखवली. त्यांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. "हां, दिसतंय," म्हणाल्या. मग बोटाने कोपरा दाखवला. "हा लाल पट्टा मात्र फार छान टाकलात हं. उठून दिसतो."

मी थँक्यू म्हटलं. त्यांनी नातवासाठी सहा इंची चौकोनांचं एक दुपटं घेतलं. अठ्ठाविसावी टाइल. बाजूच्या स्टॉलवाल्याने विचारलं, "मास्तर, ती ब्राउनवाली कितीला?" मी आकडा सांगितला आणि त्याने विषय बदलला.

संध्याकाळी बेलापूरहून ठाणा लोकल पकडली. मोठी पिशवी भरली होती, म्हणून कॉर्डरॉयची गोधडी घडी घालून मांडीवर घेतली. कोपरखैरणेला शेजारी एक बाई बसल्या, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. पोरीने गोधडीवर तळवा ठेवून वरून खाली ओढला, मागे फिका पट्टा उमटला. मग खालून वर ओढला, पट्टा काळा झाला. परत फिका, परत काळा. तिची आई म्हणाली, "हात नको लावू गं, आजोबांची आहे ती."

"लावू द्या," मी म्हटलं.

ऐरोलीपर्यंत तिचं तेच चाललं होतं. लाल पट्टीकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.